तक्ता न हलवता

ऐंशीच्या दशकात सातपूरच्या एका कारखान्यात मी प्रोग्रामर होते. संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं. तिथे एसी असल्यामुळे उन्हाळ्यात अख्ख्या ऑफिसला आमच्याकडे अचानक कामं निघायची.

उद्या कोणत्या मशीनवर कोणतं काम, याचा तक्ता माझा कोबोल या संगणकाच्या भाषेतला प्रोग्राम करायचा. वेळेचं गणित मात्र फोरट्रान या दुसऱ्या भाषेत होतं आणि ते शेजारच्या टेबलावरच्या एका सहकाऱ्यांनी लिहिलेलं. ते मालेगावकडचे, वयाने मोठे, घरी अहिराणी बोलणारे. माझा प्रोग्राम तक्ता डिस्कवर लिहायचा, त्यांचा तो वाचून उत्तरं परत लिहायचा. या ने-आणीत इतका वेळ जाई, की पहिली पाळी सुरू झाली तरी आमचा कागद छापतच असे. साहेब वैतागले. म्हणाले, "या आठवड्यात जमवा. नाहीतर सगळं फोरट्रानमध्ये घेऊ आणि बाईंना डेटा एंट्रीला बसवू."

सहकारी म्हणाले, "ताई, तक्ता हलवायचाच कशाला? मेमरीत तो कोठे शे, तेवढं माझ्या प्रोग्रामला सांगा."

तसं केलं. काम चुटकीसरशी झालं, पण कागद पाहून हसावं की रडावं कळेना. लेथचं काम रंगकामाच्या खात्यात! कोबोल तक्ता आडव्या ओळींनी मांडतं, फोरट्रान तोच उभ्या रकान्यांनी वाचतं. दर वेळी तक्ता फिरवून द्यावा, तर वाचवलेला वेळ पुन्हा गेला. कोणीतरी एकाने आपला प्रोग्राम बदलायला हवा होता.

तो मीच बदलायचा, हे मी धरूनच चालले होते. कारण हे गृहस्थ आपल्या प्रोग्रामच्या स्वल्पविरामालाही कोणाला हात लावू देत नसत. पण त्यांनीच आपलं लिस्टिंग, म्हणजे प्रोग्रामचा छापील गठ्ठा, पुढ्यात ओढलं. जिथे जिथे तक्त्यातली जागा सांगताना आधी मशीन आणि मग काम होतं, तिथे लाल पेन्सिलीने उलटं करत बसले. डबाही उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी भोंग्याआधी कागद साहेबांच्या हातात होता, आणि बरोबर होता. कालच्या चुकीची बातमी साहेबांपर्यंत पोचली होती. त्यांनी विचारलं, "मग काल घोळ बाईंचा होता ना?"

"नाही साहेब. ताईंचा प्रोग्राम ठीकच होता, वाचायची रीत माझी बदलायची होती. त्यांना इथेच राहू द्या."

मला सगळ्यांसमोर रडू आलं, आणि त्याची लाज वाटली नाही. डेटा एंट्रीचं नाव पुन्हा निघालं नाही. निवृत्त होईपर्यंत मी प्रोग्रामच लिहिले. माझं हे आवडतं काम त्यांनी माझ्यासाठी राखलं.