हात लावून या

चालू पंप दिसला की विमल त्याच्या अंगावर तळहात ठेवायची. लग्नाला भरजरी साडी नेसून गेली, तरी कार्यालयामागचा पंप चाचपून यायची. मी म्हणायचो, "अगं, लोक बघतात." ती म्हणायची, "बघू देत. फुकट आहे."

विमल माझी बायको. पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर. मी तिथेच ट्रक चालवायचो, शिक्षण सातवी. लोक म्हणाले, जोडा शोभत नाही. शोभेसाठी केलंच नव्हतं.

पुढे तिला वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरपुढे बसवलं. तरी जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन ती खाली यायची, नवे पंप चालवून बघतात तिथे उभी राहायची. साहेब एकदा म्हणाले, "मॅडम, इंजिनिअरची जागा खुर्चीत." ही म्हणाली, "खुर्ची कुठे पळून जात नाही, साहेब."

माझी पुतणी इंजिनिअरिंगला निघाली तेव्हा तिने विचारलं, "काकू, यात हाताने काम किती असतं?" मला वाटलं, आता विमल फुशारकी मारणार. ती म्हणाली, "खोटं कशाला सांगू? बारा आणे टेबलच. उरलेल्या चार आण्यांसाठी भांडावं लागतं. मी भांडले."

मग कॅन्सर झाला. औषधांनी बोटं बधिर झाली. केस गेले तेव्हा रडली नाही. वाघोलीतल्या आमच्या इमारतीच्या पंपावर हात ठेवला आणि काहीच कळलं नाही, त्या दिवशी जिन्यात बसून रडली. मी म्हणालो, "माझा हात घे."

तिने माझा हात पंपावर दाबून धरला.

"काय लागतं?"

"गरम."

"नीट सांगा. चटका बसतो?"

"नाही. तापलेल्या पोराच्या अंगासारखं."

"थरथर एकसारखी आहे, की मधेच धक्का?"

"मधेच धक्का."

"बेअरिंग गेलंय. चेअरमनना बोलवा."

सोसायटीचे चेअरमन आले. म्हणाले, "वहिनी, अजून चालतोय की."

"अजून मीही चालतेय," विमल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बेअरिंग बदललं.

शेवटी तिला खाटेवरून उठवेना. सकाळी पंप सुरू झाला की म्हणायची, "अहो, हात लावून या." मी जिना उतरायचो, चढायचो. "कोमट आहे. धक्का नाही."

"बरं," म्हणायची आणि डोळे मिटायची.

ती गेली. पंप सकाळी सुरू होतोच. मी खाली जातो, हात लावतो, वर येतो. दारात उभा राहून सांगतो, "कोमट आहे. धक्का नाही."

बरं म्हणायला कुणी नाही.