न उगवलेला सुळा

पत्नी मंगळवारी गेली. त्या संध्याकाळी मुलीला दातांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. ते राहिलं.

तेराव्यानंतर आम्ही बापलेक गारखेड्यातल्या त्या दवाखान्यात गेलो. मुलगी कॉलेजात आहे, पण तिचा वरचा डावा सुळा कधी उगवलाच नाही. त्या जागी दुधाचा दात अजून ठाण मांडून आहे. एक्स-रेत खरा सुळा टाळूत आडवा झोपलेला दिसला.

"तार लावून खाली ओढावा, तर इतका आडवा की येईल याची खात्री नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काढायचा तर हाड कोरावं लागेल. सध्या कुणाला त्रास देत नाहीये, तर झोपू दे. काही महिन्यांनी पुन्हा बघू. शेजारच्या दाताचं मूळ खाऊ लागला, तर मात्र थांबायचं नाही."

मला थांबणं आवडलं. भूल, सही, दाराबाहेरचा बाक, हे सगळं इतक्यात पुन्हा नको होतं. पैठणहून येऊन राहिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, ते त्याहून आवडलं.

"वर्षश्राद्ध व्हईस्तोवर घरातलं काईच बाहेर काढायचं नाय," तिनं सांगून टाकलं.

हा नियम मी कधी ऐकला नव्हता. मी वाचणारा माणूस. पण अक्काचे नियम कुठं छापलेले नसतात, त्यामुळे तपासताही येत नाहीत. त्या नियमाखाली रद्दी राहिली, मोडका मिक्सर राहिला, पत्नीच्या साड्या राहिल्या. साड्यांसाठी मी गप्प बसलो. मुलीनं मात्र एकदा घंटागाडी दारात उभी असताना विचारलं, "आत्या, कचरा टाकू का वर्षभर सांभाळू?"

"कार्टे, आईच्याच वळणावर गेलीस," म्हणत अक्कानं स्वतःच बादली उचलली.

दिवाळीनंतर दुसरा एक्स-रे काढला. डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोक टेकवून दाखवलं. सुळ्याशेजारच्या दाताचं मूळ झिजायला लागलं होतं. "आता थांबलो तर हा चांगला दात जाईल. याच महिन्यात सुळा काढू."

वर्षश्राद्धाला बराच अवकाश होता. घरी येऊन मी चाचरत सगळं सांगितलं. अक्कानं फिल्म खिडकीशी धरली. उलटी. मुलीनं ती सुलटी करून दिली.

"ह्यो कुठं हाय म्हणायचा?"

"आत, टाळूत."

"बाहेर आलाच नाय कधी?"

"नाही."

"मंग त्यो घरात आलाच कुठं? जे घरात आलंच नाय ते काढायला कशाची आडकाठी?" तिनं चष्मा काढला. "दुधाचा मात्र घरातला हाय. त्याला हात लावायचा नाय, सांग तुझ्या डॉक्टरणीला."

"आत्या, तू वकील व्हायला पाहिजे होतीस."

"व्हय. अन् तुझ्या बापाच्या तोंडातून शब्द कुणी काढले असते?"

शस्त्रक्रियेच्या दिवशी बाकावर ती माझ्याजवळ बसली आणि आतल्या माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं जप करत राहिली. दुधाच्या दाताचं मूळ अजून घट्ट आहे, तो राहू दे, असं डॉक्टरीणबाईंनी आपणहूनच ठरवलं होतं. अक्काला हे आम्ही कळू दिलं नाही.

मुलीचा शेजारचा दात शाबूत आहे. टाळूवर टाक्यांची बारीक रेघ आहे. घरात आम्ही तिघं आहोत.