पोरांच्या बोटांना वळण

तीन बायका रोज एकाच ओट्यावर बसल्या की किस्से गोळा करावे लागत नाहीत, धान्य निवडताना खडे साठावेत तसे ते आपोआप साठत जातात. माझ्या वाटणीचे बहुतेक असे, की सांगताना आजही पदर तोंडाशी जातो.

दुष्काळाची वर्षं होती. तिसगावात बाजारामागं आमच्या खोल्यांची ओळ होती. माझे यजमान शाळेत शिक्षक. शेजारी कमळ, तिच्या नवऱ्याची पिठाची गिरणी. पलीकडं शकीलाभाभी, त्यांचे मियाँ टेलर. तिघींच्या पदरात एकेक लहान पोर. माझा दिलीप, कमळची मंदा, भाभींचा युसूफ. मी लग्नाआधी नगरला बालवाडीचा छोटा कोर्स केलेला. तेवढ्या जोरावर मी जाहीर केलं, "महागडी खेळणी नकोत. घरातल्याच वस्तूंनी पोरांची बोटं तयार करायची. पुढं अक्षर वळणदार होतं."

कमळ म्हणाली, "अक्षराचं पुढं बघू. आपल्या हातानं जेवली तरी लई झालं."

०

पहिला धडा दाणे उचलायचा. रेशनवर तेव्हा मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारी मिळायची. ताटात मूठभर पसरायची आणि चिमटीनं एकेक दाणा वाटीत टाकायचा. दिलीप झकास टाकत होता. "बघा, चिमूट कशी धरतो," असं मी दोघींना म्हणेपर्यंत त्यानं एक दाणा नाकात सारला. बोट घालून बघितलं तर आणखी आत गेला.

पाथर्डीला डॉक्टरकडं नेलं. त्यांनी दाणा काढला, उजेडात धरला आणि म्हणाले, "इतक्या आत, इतका नेमका! पोराच्या बोटांत कसब आहे. कुणी शिकवलं?"

यजमान माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, "शेजारी."

०

मग मणी ओवणं. मंदाला त्याचं वेडच लागलं. ओवायचे, गाठ सोडून काढायचे, परत ओवायचे. एकदा आम्ही एसटीनं निघालो होतो. कमळला खिडकीशी डुलकी लागली आणि मंदा तिच्या खांद्याला टेकून शांत बसून होती. पोर शांत आहे म्हटल्यावर कुणी कशाला बघतंय? कमळ जागी झाली ती गळ्याशी हात नेतच. मंगळसूत्राचा दोरा नुसता लोंबत होता आणि काळे मणी गाडीभर पसरले होते.

कंडक्टरनं गाडी थांबवली. "कुनी पाय हलवू नका, सवाष्णीचे मनी हायेत." सगळी गाडी वाकली. पटकेवाले म्हातारे बाकाखाली शिरले. मणी ओंजळीत जमा होत होते आणि कमळ रडत होती. एका आजीनं विचारलं, "आगं, एवढ्याशा पोरीला गाठ सोडाया शिकिवलं तरी कुनी?"

कमळनं माझं नाव घेतलं नाही. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. बाहेर नुसता फुफाटा होता.

०

दिलीप डावरा निघाला. संक्रांतीच्या हळदीकुंकवात त्यानं सरपंचांच्या बायकोला तिळगूळ दिला, डाव्या हातानं. बाईंनी पुढं केलेला हात मागं घेतला. मी त्याच्या हातातला तिळगूळ काढून उजव्यात दिला, त्यानं तो परत डाव्यात घेतला आणि खाऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी लुगड्याची चिंधी फाडून त्याचा डावा हात कमरेशी बांधला. मला ते बघवेना, पण कालच्या लाजेनं माझी जीभ उचलेना. दिलीप कोपऱ्यात जाऊन बसला. दुपारी बघितलं तर चिंधी जमिनीवर आणि डावा हात मोकळा. गाठ त्यानं उजव्या हातानं सोडली होती.

सासूबाई साऱ्या ओळीला सांगत सुटल्या, "बांधला म्हनून उजवा चालाय लागला."

०

हा किस्सा मात्र हसण्याचा नाही. मनगट वळावं म्हणून मी पोरांना डब्यांची फिरकीची झाकणं उघडायला द्यायचे. आमच्या ओळीत एक सामाईक पिंप होतं. टँकर आला की त्यात पाणी भरायचं आणि तोटीखाली आपापली घागर लावायची. एका दुपारी युसूफनं ती तोटी फिरवली. आम्ही तिघी ओट्यावर दिलीपनं उघडलेल्या डब्याचं कौतुक करत होतो. पायाला गार लागलं तेव्हा कळलं. पिंप रिकामं, आणि पुढचा टँकर कधी येईल ते कुणालाच ठाऊक नाही.

शकीलाभाभी आत गेल्या, स्वतःची भरलेली घागर उचलून आणली आणि ओट्यावर मधोमध ठेवली. "माझ्या पोरानं सांडलंय. याच्यातलं घ्या सगळ्यांनी."

"चूक माझी आहे, भाभी. झाकणं मी शिकवली," मी म्हटलं.

कमळ ओल्या मातीकडं बघत म्हणाली, "शिकवायचंच हुतं तर आदी बंद करायला शिकवायचं."

०

आता थोरल्या गुरुजींचं सांगते. गुरुजी म्हणजे शाळेचे जुने हेडमास्तर. पोराच्या सदऱ्याची गुंडी तुटलेली दिसली तर वर्गाबाहेर उभं करायचे. रिटायर झाले आणि अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणंही जड झालं.

आम्ही त्यांना भेटायला गेलो. अजून दोन शिक्षक आलेले. गुरुजी खाटेवर ताठ बसले होते. त्या दिवशी त्यांनी हट्टानं एकट्यानंच सदरा चढवला होता, आणि गुंड्या एक घर सोडून लागल्या होत्या. कॉलरची एक बाजू कानाशी गेलेली. सगळ्यांना दिसत होतं. सगळे टँकरविषयी बोलत होते.

दिलीपला त्या दिवसांत गुंड्यांचं खूळ होतं. भाभींच्या मियाँनी त्याला जुन्या कापडावर मोठ्या गुंड्या शिवून दिल्या होत्या. मी धरायच्या आत तो खाटेवर चढला. म्हणाला, "चुकलं."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी उठले. गुरुजींनी डावा हात उचलून मला बसायची खूण केली.

त्यानं एकेक गुंडी सोडली. गुरुजींची पांढऱ्या केसांची छाती उघडी पडली, तशा शिक्षकांनी माना खाली घातल्या. मग जीभ बाहेर काढून, मी शिकवलं होतं तसं, खालून लावायला सुरुवात केली. एक घर चुकलं, सोडलं, परत लावलं. गुरुजी मान वर करून न्हाव्यासमोर बसावं तसे बसले होते.

झालं म्हणून दिलीप उतरायला लागला. गुरुजींनी ओठ जुळवले. शब्द यायला वेळ लागला.

"वरची राहिली," गुरुजी म्हणाले.