आक्काचा अंगठा आणि पिवळी चिठ्ठी

कोणाच्याही घरी गेली तरी आक्का लगेच बसत नाही. चपला काढते, हसते, आणि दाराशेजारच्या भिंतीवरचं बटण एकदा खाली, एकदा वर करून बघते. भरदिवसा दुसऱ्यांच्या घरचे दिवे लावून विझवणारी बाई पाहिली की नवख्या माणसाला वाटतं, हिचं डोकं ठिकाणावर नाही. ओळखीचे लोक मात्र गप्प उभे राहतात. कारण बटण दाबून झालं की आक्का दोनांतला एक शब्द बोलते, "चालेल" नाहीतर "नाही", आणि तिने "नाही" म्हटलेलं बटण महिन्याभरात मान टाकतंच.

बावीस वर्षं ती भिंतीवरच्या बटणांच्या कारखान्यात तपासणी खात्यात आहे. नवा नमुना आला की आधी यंत्राचं पोलादी बोट त्याला चाळीस हजार वेळा दाबतं. त्यातून तो जिवंत सुटला तर आक्काच्या टेबलावर येतो, आणि शेवटचा शब्द तिच्या अंगठ्याचा. खात्यात सगळे तिला बटणआक्का म्हणतात. "छान" हा शब्द तिच्या तोंडून कोणी ऐकलेला नाही. साहेबांनी एकदा नवी मिशी ठेवून विचारलं होतं, तेव्हा त्यांनाही "चालेल"वरच भागवावं लागलं.

अशा बाईला गेमचं वेड असेल असं कोणाला वाटेल? पण होतं, आणि चांगलं डोक्यात भिनलेलं होतं. जेवणाच्या सुट्टीत डबा संपला की ती खिडकीशी फोन घेऊन बसायची आणि पडद्यावरचे चौकोन रचत सुटायची. तक्रार एकच. फोनच्या काचेला बटणं नाहीत. काचेवर बोट घासायचं म्हणजे तिच्या मते बंद दाराला गुदगुल्या करायच्या.

म्हणून कुठल्याशा दूरच्या गावातले तिघं मित्र लोकवर्गणीतून एक गेम कन्सोल बनवू बघतायत, तळहाताएवढा, खऱ्याखुऱ्या बटणांचा, असं तिने वाचलं आणि तिचा जीव त्यात अडकला. त्यांच्याजवळ दाखवायला होता फक्त लाकडाचा एक ठोकळा. त्यावर बटणं रंगवलेली होती. आक्काने त्याच दुपारी वर्गणी भरली.

नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. त्याने ते ऐकलं आणि म्हणाला, बाजारात तुरी. पुढचं त्याने सांगितलं नाही, कारण म्हणीतला मार कोणाला पडायचा याची त्याला खात्री नव्हती.

दोन वर्षं गेली. दर महिन्याला तिघांचं पत्र यायचं, आक्का ते खात्यात जेवताना मोठ्याने वाचायची. साचा बिघडला, पडदे उशिरा आले, एका मित्राला गोवर आला. खातं तल्लीन होऊन ऐकायचं. एकेक करत नऊ जणांनी वर्गणी भरली, ती त्या तिघांवर विश्वास ठेवून नव्हे. आक्का भरते म्हणजे त्यात काहीतरी असणार, एवढ्याच भरवशावर. आक्काने मधल्या काळात तिघांना बटणाखालच्या स्प्रिंगबद्दल नऊ पानी पत्र लिहिलं होतं. ते वाचून त्यांनी ठरवलं की पहिले कच्चे चाळीस कन्सोल ज्यांना पाठवायचे त्यांत ही बाई हवीच.

अट स्पष्ट होती. सात दिवस वापरायचं आणि खरं मत लिहायचं. सगळी मतं एक अक्षरही न गाळता सर्वांसमोर ठेवली जातील. मग सोमवार संध्याकाळपर्यंत ज्याला वर्गणी परत हवी त्याने ती घ्यावी. फार लोक गेले तर पक्का साचा ओतला जाणार नाही आणि कन्सोल होणारच नाही.

खोकं आलं त्या संध्याकाळी आक्काचा आनंद गगनात मावेना. पन्नाशी ओलांडलेली बाई खोकं छातीशी धरून स्वयंपाकघरात गिरकी घेत होती. नवऱ्याने खुर्च्या बाजूला सरकवल्या, मग तोही उगाचच एक गिरकी घेऊन बसला. सासूबाई आपल्या आरामखुर्चीतून म्हणाल्या, काय आणलंय ते आधी खाली ठेव, तुझा हात जड आहे.

हे वाक्य घरात अठ्ठावीस वर्षं जुनं होतं. आक्का लग्न होऊन आली त्या दिवशी तिने हात धुवायला नळ फिरवला आणि नळाची मूठच तिच्या हातात आली. सासूबाई भरल्या घरात म्हणाल्या होत्या, हिचा हात जड आहे. तेव्हापासून घरातले सहा काचेचे पेले सासूबाई स्वतः धुवायच्या. आता अठ्ठ्याहत्तरीत त्यांची बोटं थरथरत होती, तरी पेले त्या सुनेच्या हाती देत नव्हत्या. आक्काने त्यावर कधी तोंड उघडलं नाही. पण पेल्यांच्या फळीकडे ती बघायचीही नाही.

खोक्यातून करड्या रंगाची डबी निघाली. एका कोपऱ्यावर ओरखडा, पाठीमागे मार्करने लिहिलेला आकडा. नवरा म्हणाला, हे तर कोणाचं तरी वापरलेलं दिसतंय. आक्काने पर्समधून एक पिवळी चिठ्ठी काढून डबीच्या दोरीला बांधली. कारखान्यात कच्च्या नमुन्याला अशी चिठ्ठी बांधतात, तिने घरच्यांना सांगितलं. चिठ्ठी असेपर्यंत त्याला पक्क्या मालाचे नियम लावायचे नाहीत, रंगाला नावं ठेवायची नाहीत, आणि पहिल्या दिवशी तर मतच द्यायचं नाही. पी हळद हो गोरी म्हणणाऱ्यांसाठी ते खातं नाही.

पडद्यावर एक जाडसर बेडूक होता. उजवं बटण दाबलं की तो उडी मारायचा आणि एका विहिरीवरून दुसऱ्या विहिरीवर जायचा. डबीवरची चकती फिरवली की गर्रकन वळायचा. आक्का पहिल्या दिवशी इतकी हसली की शेजारीण विचारायला आली. दुसऱ्या दिवशी ती बसस्टॉपवर बेडूक उडवत उभी राहिली आणि तिची बस तिच्या समोरून निघून गेली.

तिसऱ्या दिवशी बेडूक विहिरीत पडला. पुन्हा पडला. आक्काने बटण दाबलं होतं, तिला पक्कं ठाऊक होतं, पण बेडूक जागचा हलला नव्हता. चौथ्या दिवशी तिने वही घेतली आणि बटण हजार वेळा दाबलं. एकशे सदतीस वेळा ते लागलंच नाही.

कारखान्यात हजारात तीन चुकले तरी ती नमुना टोपलीत टाकायची. चिठ्ठी रंगाला माफ करते, बटणाला नाही. बटण दाबल्यावर लागत नसेल तर मग त्या डबीत उरलं काय? तिला तो कन्सोल हवा होता, मनापासून हवा होता. दोन वर्षं तिने त्या तिघांची पत्रं घरच्यांच्या पत्रांसारखी वाचली होती. गोड लिहावं, असं एकदा मनात आलं. पण नऊ जण तिच्या शब्दावर बसले होते. तिने कागदावर "नाही" असं लिहिलं आणि डोळे पुसून कामाला गेली.

संध्याकाळी साडेपाचला घरी आली तर सासूबाई आरामखुर्चीत डबी घेऊन बसलेल्या. त्यांचा बेडूक अकराव्या विहिरीवर होता. आक्का तिसरीच्या पुढे गेली नव्हती.

"आई, बटण अडकत नाही?"

"कशाला अडकेल? दुपारपासून उडतोय."

आक्काने खुर्ची ओढली आणि त्यांच्या हाताकडे बघत बसली. सासूबाईंचं थरथरतं बोट बटणाच्या बरोबर मधोमध हलकेच टेकायचं आणि बेडूक उडायचा. मग आक्काने आपल्या अंगठ्याकडे बघितलं. तो आपसूक बटणाच्या खालच्या कडेवर जाऊन बसला होता. भिंतीवरचं बटण कडेवरच दाबायचं असतं, बावीस वर्षं तो तिथेच बसत आला होता, आणि तोही पूर्ण जोर लावून. त्या जोराने गोल बटण आपल्या भोकात कलंडत होतं.

सासूबाई वर न बघता म्हणाल्या, "नाचता येईना, अंगण वाकडं."

आक्का इतक्या मोठ्याने हसली की सासूबाईंचा बेडूक त्या धक्क्याने विहिरीत गेला, आणि त्यावरून तिने बोलणी खाल्ली. पण हसता हसता ती थांबली. बटण मधोमधच दाबावं असं डबीवर कुठे लिहिलंय? हातात पिशव्या घेऊन घरी आलेला माणूस कोपराने दिवा लावतो, तोही लागला पाहिजे, हा तिच्या खात्याचा नियम होता. म्हणजे अंगणही थोडं वाकडं होतंच. मग तिने सासूबाईंनाही हजार वेळा दाबायला बसवलं. तीनशेला त्यांनी चहा मागितला, सहाशेला पाठीशी उशी, आणि आठशेला त्या म्हणाल्या की कारखान्यात या कामाचे पैसे देतात ना. एकदाही चूक झाली नाही.

जुना कागद फाडून आक्काने नवा लिहिला. माझ्या अंगठ्याने हजारात एकशे सदतीस चुका, सासूबाईंच्या बोटाने एकही नाही. मी कडेवर आणि जोराने दाबते, तो माझ्या धंद्याचा दोष. कडेवर दाबल्यावर बटण कलंडतं, तो तुमचा. भोक केसभर लहान करा. ओरखड्याबद्दल आणि रंगाबद्दल मी काही म्हणत नाही, नमुना कच्चा आहे. शेवटी तिने लिहिलं, माझा हात जड आहे, हे सासूबाईंनी अठ्ठावीस वर्षांपूर्वीच सांगितलं होतं.

खात्यात नऊ जण एका शब्दासाठी थांबले होते, चालेल की नाही. आक्काने दोन्हींतलं काहीच म्हटलं नाही. तिने आख्खा कागद वाचून दाखवला आणि म्हणाली, "कच्चं आहे, पण माणसं ऐकणारी आहेत. मी थांबतेय. तुमचं तुम्ही ठरवा." नऊ जणांनी एकमेकांकडे बघितलं. परत मागायला कोणीच उठलं नाही.

सोमवारी संध्याकाळी नवऱ्याने फोनवर तिघांचं पत्र मोठ्याने वाचलं. चाळीसांपैकी कोणी लिहिलं होतं फारच सुंदर, कोणी लिहिलं होतं भंगार. नेमकं काय बिघडतं आणि कुठे, ते मात्र एका अंगठ्याने आणि एका बोटाने सांगितलं. तिघांनी बटणाचं भोक लहान केलं होतं, ते वाचून लोक थांबले होते, आणि साचा ओतला जाणार होता. आक्काने नवऱ्याला धरून गिरकी घेतली. या वेळी खुर्च्या सरकवायलाही वेळ मिळाला नाही.

खाली तिचं मत अक्षर न गाळता छापलं होतं. नवऱ्याने तेही वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत. ती ऐकून सासूबाईंनी बेडूक थांबवला. जड हात आता हजारो लोकांनी वाचला होता. त्यांनी डबीची पिवळी चिठ्ठी दोन बोटांत धरली.

"ही बांधली की पहिल्या दिवशी मत द्यायचं नसतं ना?"

"नसतं, आई."

"मग चुकलंच माझं. तुला अशी चिठ्ठी बांधायला हवी होती." मग त्या म्हणाल्या, "आजपासून काचेचे पेले तू धू."

आक्का उठली. फळीवरचे सहाही पेले तिने एकेक करून खाली घेतले, धुतले, पुसले आणि जागच्या जागी ठेवले. हसू आवरत नव्हतं. एकाचाही टवका उडाला नाही. आरामखुर्चीतल्या सासूबाई बेडकावरची नजर न काढता ऐकत होत्या.

शेवटचा पेला फळीवर टेकला तेव्हा त्या म्हणाल्या, "चालेल."