टोप्या घातलेलं गवत

मिठाईच्या दुकानात कुणी बटरपेपर उलगडायला लागलं की मी बाहेर जाऊन उभा राहतो. घरचे समजतात, मला गोड वर्ज्य आहे. तसं समजू देणं सोयीचं पडतं.

बहात्तरच्या दुष्काळात मी बोरीच्या बाजूला एका गवत पैदास केंद्रावर नोकरीला होतो. फाटकावर ‘उद्याचं कुरण’ अशी पाटी होती. आजच्या कुरणाबद्दल पाटीला काही म्हणायचं नव्हतं. आत, विहिरीच्या उरल्यासुरल्या पाण्यावर, आम्ही जनावरांसाठी गवताच्या नव्या जाती तयार करत होतो आणि तारेच्या कुंपणाबाहेर जनावरं उभी होती. ती हंबरत नव्हती. हंबरायलाही अंगात जोर लागतो. नुसती बघत होती. सकाळी आलो की तिथंच, संध्याकाळी निघालो की तिथंच. सावल्या तेवढ्या बाजू बदललेल्या.

पैदासीचं काम बघणारे आमचे साहेब उंच, जरा वाकलेले आणि बोलायला कंजूष. बरीच वर्षं खपून त्यांनी अंजन गवताचा एक ठोंब निवडला होता, भर उन्हाळ्यात पानं हिरवी धरणारा. तो फोडून एक ओळ लावली होती. तिचं बी पेरल्यावर तसंच गवत उगवतं का, एवढंच बघायचं राहिलं होतं. बाकीचे वाफे साहेबांनी केव्हाच कापून गावाला वाटून टाकले होते. ही ओळ मात्र ठेवली होती.

परके पराग बसू नयेत म्हणून प्रत्येक तुऱ्यावर बटरपेपरची पिशवी बांधायची. कामावरच्या बायका त्यांना टोप्या म्हणायच्या.

“गवताला टोप्या घालायलाव, अन् माझ्या लेकराच्या डोस्क्यावर चिंधी न्हाई,” एक म्हणायची.

“गवत सरकारी हाय माय. तुझं लेकरू सरकारी हाय का?” दुसरी.

सगळ्यांत हलका हात होता तो केंद्राला लागून राहणाऱ्या एका बाईचा. तिचा नवरा पूर्णेला रेल्वेच्या गँगमध्ये होता. घरी ती आणि गाभण गाय. गाय कुंपणाबाहेरच्या रांगेत असायची. ओळीचं टोक आणि गायीचं तोंड यांच्यामध्ये फक्त तार होती. बाई टोप्या बांधायची, गाय तिच्याकडे बघायची. मग बाई गायीकडे पाठ करून बसायची.

एकदा ती साहेबांना म्हणाली, “सायेब, चार पेंढ्या द्या ह्यातल्या. गाय बसली की धरून उठवावं लागायलंय. पोटातलं बी जाईल.”

“बी भरू द्या बाई. मग सगळी ओळ तुमची.”

“कवा भरंल?”

“अजून दोन-तीन आठवडे.”

बाईनं मागं वळून पाहिलं नाही. पुढची टोपी बांधली.

त्यातच दुष्काळ बघायला मोठे पाहुणे येणार असं ठरलं. केंद्रप्रमुखांनी मांडव घातला, वाटेच्या दोन्ही कडांना चुन्याची फक्की मारली आणि पाहुण्यांच्या अंगावर दुष्काळाची धूळ उडू नये म्हणून विहिरीतलं पाणी वाटेवर शिंपडायला लावलं.

त्या सकाळी आम्ही ओळीपाशी गेलो आणि जागीच थांबलो. पान उरलं नव्हतं. विळ्यानं पार बुडापासून कापून नेलं होतं. पण टोपीची प्रत्येक काडी जिथल्या तिथं उभी. उघड्या जमिनीतून निघालेल्या बोडक्या काड्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर पांढरी टोपी. वारा आला की सगळ्या एकदम कुजबुजायच्या.

काही करायला वेळ नव्हता. पाहुणे आलेच. ओळीपुढे थबकून त्यांनी विचारलं, “याला पानं नाहीत?”

“नाहीत,” केंद्रप्रमुख म्हणाले. “त्यामुळे पाणी वाचतं.”

हे शेतकऱ्यांपर्यंत पोचलं पाहिजे, असं पाहुणे म्हणाले. टाळ्या झाल्या. टोप्यांनीही माना डोलावल्या.

मांडव उतरवल्यावर साहेब बाईच्या दाराशी गेले. मी सोबत होतो. गाय बसून रवंथ करत होती. बाईनं काही लपवलं नव्हतं. उरलेल्या पेंढ्या समोरच होत्या.

“कणसाला हात लावला न्हाई सायेब,” ती म्हणाली. “एक टोपी हालू दिली न्हाई. ज्वारीत कणीस आपलं अन् कडबा जनावराचा, तसंच केलं.”

“ज्वारीचं कणीस भरल्यावर कडबा काढतात, बाई.”

“ठाव हाय की. ज्वारी थांबती. गाय थांबली नसती.”

साहेबांनी वाकून गायीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, “पाणी पाजलंत का?” आणि परत फिरले.

पानांवाचून दाणा भरत नाही. काही दिवसांनी साहेबांनी एक टोपी सोडली, तुरा तळहातावर चोळला आणि फुंकर मारली. सगळं उडून गेलं. तळहात तेवढा राहिला. मग विहीर आटली आणि ठोंब पुन्हा फुटले नाहीत. साहेबांनी कुणावर ठपका ठेवला नाही. उरलेल्या टोप्या काढायलाही सांगितलं नाही. त्या मेलेल्या काड्यांवर तशाच राहिल्या. कामाला गेलं की मागून कुणीतरी हळू बोलतंय असं वाटायचं, आणि बायका त्या बाजूनं जाईनात.

गाय व्यायली. बाईनं चिकाचा खरवस करून वाटीत आणला. साहेब ओळीच्या टोकाला बांधावर बसले होते.

“खा सायेब. तुमच्याच गवताचं हाय.”

साहेबांनी अर्धा खाल्ला. तेवढ्यात वारा सुटला आणि सगळी ओळ सळसळायला लागली. त्यांचा हात थांबला. वाटी त्यांनी माझ्याकडे सरकवली. बाई समोर उभी होती म्हणून मी उरलेला खाल्ला, तो आवाज ऐकत. तारेपलीकडे वासरू कान टवकारून आमच्याकडे बघत होतं.