वकीलसाहेबांची काठी

कोणत्याही वाटेवर पाऊल टाकण्याआधी तिचं नाव विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो इंग्रज होता. शेताचा बांध असो, ओढ्यातली पायवाट असो, साहेब आधी थांबायचे, काठी टेकायचे आणि समोर दिसेल त्याला विचारायचे, "हिला काय म्हंत्यात?" आमच्या घरामागून उकिरड्याकडे जाणाऱ्या बोळाचंही त्यांनी नाव विचारलं. माझ्या आईने वैतागून "उकिरड्याची वाट" असं सांगितलं, तर त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि तिचे आभार मानले. त्या दिवसापासून आईने त्यांचा चहा स्वतः करायला घेतला.

साहेबांच्या उमेदीची सगळी वर्षं ब्रिटिश वकिलातीत गेली होती. चार-पाच देशांत नेमणुका झाल्या, मधल्या रजांमध्ये उंटांवरून वाळवंटं पार केली, बर्फाच्या खिंडी ओलांडल्या. निवृत्त झाले आणि सत्तरी उलटल्यावर जुन्नर-आंबेगावचे घाट पायी बघायचे म्हणून ते डिंगोऱ्याला आले. आमच्या कांदा साठवायच्या चाळीशेजारी एक खोली रिकामी होती, ती त्यांनी घेतली. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो, इंग्रजी बरं बोलतो, त्यामुळे साहेब आपोआप माझ्या गळ्यात पडले. खरं सांगायचं तर मीच त्यांच्या गळ्यात पडलो. गावात मिरवायला असा पाहुणा कुणाला मिळतो?

वकिलातीत होते एवढं ऐकून गावाने त्यांना वकीलसाहेब करून टाकलं आणि लोक बांधाचे तंटे घेऊन त्यांच्या खोलीवर यायला लागले. मी हसत होतो, साहेब हसले नाहीत. ते दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवायचे, एकेकाला शेवटपर्यंत बोलू द्यायचे आणि मग पहिल्याला विचारायचे, "आता ह्यो काय म्हनला ते तू सांग." ते सांगता सांगताच निम्मे तंटे मिटायचे. मी म्हटलं, ही युक्ती भारी आहे. ते म्हणाले, चाळीस वर्षांच्या नोकरीत मला एवढंच आलं.

त्यांची मराठी हा माझा मोठा घोर होता. पुस्तकातून शिकून आलेली मराठी त्यांनी पहिल्या महिन्यात बाजूला ठेवली आणि कांदा निवडणाऱ्या बायकांची भाषा उचलली. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांना पाहुणे म्हणून नेलं, तर माईकवर सुरुवातच "लई बेस वाटलं" अशी. मुख्याध्यापकांचा चेहरा बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येताना मी त्यांना सांगितलं, साहेब, व्हतं नाही, होतं म्हणायचं. ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुमच्या मराठीत मला कुनी वाट दावंना."

त्यांच्याकडे निळ्या पुठ्ठ्याची एक जाड वही होती. आयुष्यात ज्या ज्या माणसाने वाट दाखवली त्याचं नाव त्यात होतं. उंटवाले, मेंढपाळ, नावाडी, एक आंधळी म्हातारी. कुणी त्यांना संशोधक म्हटलं की ते मान हलवायचे. "म्या काय शोधलं न्हाई. मला दावलं," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मला तो मोठ्या माणसाचा विनय वाटायचा. तो विनय नव्हता, जखम होती, हे मला नंतर कळलं.

ती जखम त्यांनी मला आमच्या ओट्यावर शेंगा सोलता सोलता सांगितली. तरुणपणी अरबस्तानाच्या वाळवंटात एका टोळीने त्यांना आपली लपवलेली विहीर दाखवली, पाणी पाजलं. साहेबांनी ती विहीर नकाशावर टाकली, कारण वकिलातीने तेव्हा त्यांना नकाशा काढायलाच पाठवलं होतं. पुढच्या वर्षी त्या नकाशावरून लष्कराच्या गाड्या तिथे पाण्याला आल्या. त्यानंतर साहेब गेले तेव्हा विहिरीत वाळू होती आणि टोळीचा पत्ता नव्हता. "त्यास्नी मी पुन्ना कधी बगितलं न्हाई," एवढं म्हणून ते परत शेंगा सोलायला लागले. हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. म्हणून पुढे जे केलं त्याला माझ्याकडे अजाणतेपणाची सबबसुद्धा नाही.

घाटमाथ्यावर एक वाडी आहे, तिथलं पहिलं घर ठकूबाईंचं. वीस-बावीस घरं, भात आणि नाचणीची खाचरं, उन्हाळ्यात हिरडा गोळा करायचा. कोकणातून चढून येणाऱ्याला आधी पाणी द्यायचं आणि मग कुठला-कोण विचारायचं, ही त्या वाडीची रीत. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा ठकूबाईंनी तांब्या पुढे केला आणि साहेबांचं पाणी पिऊन होईपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. साहेबांना ते इतकं आवडलं की परतीच्या वाटेवर तेच बोलत राहिले. म्हणाले, आमच्या वकिलातीत आधी कागद बघायचे, नाव-गाव विचारायचे, आणि पाणी द्यायचं का नाही ते मग ठरवायचे.

तिसऱ्या-चौथ्या खेपेला ठकूबाईंनी आम्हाला कड्याच्या पोटातली वाट दाखवली. करवंदीच्या जाळीमागून ती उतरते आणि कातळात कोरलेल्या एका टाक्यापाशी जाते. पाणी असं नितळ की तळाचे छिन्नीचे घाव मोजावेत. चैत्र-वैशाखात अख्खी वाडी त्याच टाक्यावर जगते. "साहेब, तुमी बगा, पर कागदावर नगं," ठकूबाई म्हणाल्या. साहेबांनी छातीवर हात ठेवून मान झुकवली. फिरून आल्यावर ते रोज नकाशा काढायचे. त्या रात्रीच्या नकाशात त्यांनी आजूबाजूचा प्रत्येक ओहोळ काढला आणि तेवढी जागा कोरी ठेवली. ठकूबाईंचं नावही वहीत लिहिलं नाही, कारण नावावरून वाट सापडते.

मी मात्र टाक्यापाशी मोबाइल काढला होता. ट्रेकिंगवाल्यांच्या एका ग्रुपवर मी टोपणनावाने असायचो आणि तिथली पुण्याची मंडळी मला कायम गावठी मास्तर समजून बोलायची. त्यांना एकदा दाखवून द्यायचं होतं. मी फोटो टाकला, मोबाइलने आपोआप नोंदवलेला रस्ता टाकला आणि वर लिहिलं, "माझा नवा शोध." माझा. संध्याकाळपर्यंत कौतुकाचा पाऊस पडला आणि मी त्यात यथेच्छ भिजलो. हे लिहितानाही मान वर होत नाही.

महिन्याभरात रविवारी गाड्या लागायला लागल्या. कुणी टाक्यात पाय धुतले, कुणी साबण लावून आंघोळ केली, कुणी उड्या मारतानाचे व्हिडिओ काढले. मी घाबरून माझा मजकूर काढून टाकला, पण तोवर तो शेकडो मोबाइलांत गेला होता. ऐन वैशाखात पाणी हिरवं पडलं आणि त्याला वास सुटला. वाडीतल्या बायका हंडे घेऊन दोन डोंगर ओलांडू लागल्या. मग वाडीने साहेबांना बोलावणं धाडलं.

मीही बरोबर गेलो. साहेब तो चढ भर उन्हात चढून आले, देवळापुढच्या दगडावर बसले, आणि तांब्या आला नाही. ठकूबाई खांबाला टेकून उभ्या होत्या, जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या दिराने मोबाइल पुढे केला. मीच टाकलेला फोटो, आणि त्यात टाक्याच्या कडेला साहेबांची काठी टेकवलेली. पितळी मुठीची तशी काठी तालुक्यात दुसरी नव्हती. दीर म्हणाला, "आमी तुमाला पानी पाजलं, साहेब. तुमी त्यात जग आनून सोडलं."

साहेबांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला. मग दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "चूक माझी. मी त्या वाटंनं जायाला नको व्हतं." एवढंच. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. वाडीनेही पाहिलं नाही. नकाशे काढणारे ते, मी आपला पिशवी धरणारा मास्तर. एक वाक्य बोलायचं होतं, "फोटो मी टाकला." मी खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करत बसलो. तो अंगठा अजिबात तुटलेला नव्हता.

आम्ही उतरून खाली उभ्या जीपमध्ये बसलो. त्यांचे ओठ सुकले होते, आणि पाण्याची बाटली माझ्या पिशवीत असून ती पुढे करायचं मला सुचलं नाही. गाव जवळ आल्यावर ते म्हणाले, "फोटो चांगला आलाय, मास्तर." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो, सबबी सांगितल्या असत्या, कदाचित रडलोही असतो. त्यांनी लगेच माझ्या आईच्या गुडघेदुखीची चौकशी सुरू केली आणि मी तिच्या गुडघ्यांबद्दल भरभरून बोललो.

पाऊस लागण्याआधी साहेब मायदेशी गेले. जुन्नरच्या स्टँडवर त्यांना बसवून द्यायला निघालो, तर काठी ओट्याच्या कोपऱ्यातच राहिलेली दिसली. मी ती उचलून दारातल्या जीपकडे धावलो. त्यांनी ती परत माझ्या हातात दिली. "ऱ्हाऊ द्या. तुमाला अजून त्यो चढ चढायचाय," ते म्हणाले आणि गाडीत चढले.

मला अर्थ कळला होता. तरी ती काठी सहा वर्षं कांद्याच्या चाळीत बारदानाखाली पडून होती. आधी वाटलं, लोकांचा राग निवू दे. मग वाटलं, आता विसरले असतील, उगाच खपली कशाला काढा. मग मी पर्यवेक्षक झालो, आणि पर्यवेक्षकाला तर अशा गोष्टी अजिबात परवडत नाहीत. गेल्या चैत्रात साहेबांच्या पुतणीचं पत्र आलं. काका झोपेतच गेले. सोबत वहीच्या शेवटच्या पानाची प्रत होती. त्यावर माझं नाव होतं, देवनागरीत, काळजीपूर्वक काढलेलं, आणि पुढे लिहिलं होतं, "यांनी वाट दाखवली."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी काठी काढली आणि एकटाच चढलो. ठकूबाई अंगणात हिरडा वाळत घालत होत्या. त्यांनी मला पाहिलं, काठी पाहिली, आणि काही न विचारता आत जाऊन तांब्या आणला. पाण्याला टँकरच्या पिंपाचा वास येत होता. मला भयंकर तहान लागली होती. मी घटाघटा सगळं प्यायलो.

मग त्यांनी विचारलं, "साहेब बरा हाय न्हवं?"

मी सांगितलं, साहेब गेले. आणि तोंड उघडलंच होतं म्हणून पुढचंही सांगितलं. मावशी, तो फोटो मी टाकला होता. साहेबांनी कागदावर रेघसुद्धा मारली नव्हती. मला वाटलं त्या शिव्या देतील, दिराला हाक मारतील. मी त्याची वाटच पाहत होतो.

त्या खाली बसल्या. काठीच्या पितळी मुठीवर त्यांनी हात ठेवला.

"म्हंजी साहेबानं केलं न्हवतं," त्या म्हणाल्या.

"नाही."

"त्या दिशी एवढ्या उन्हाचा चढून आला व्हता म्हातारा," ठकूबाई म्हणाल्या. "आमी त्याला पानी न्हाई दिलं, मास्तर."

त्यांनी पदर तोंडाला लावला. त्यांनी दिलेलं पाणी पिऊन मी बसलो होतो, आणि रिकामा तांब्या अजून माझ्याच हातात होता.