वाशीला निघालेला बस्ता

उरणच्या बाजारपेठेत 'रहमत वस्त्र भांडार' भरात होतं तेव्हा लग्नघराला दुसरीकडे जावंच लागत नसे. खाली लुगडी, शालू, धोतरं. जिना चढून गेलं की पितळेची भांडी, पत्र्याच्या ट्रंका, छत्र्या, गाद्या, पाळणे. मी नाटक कंपनीत नायिकेची कामं करायचो, तेव्हाचे माझे सगळे शालू इथलेच. मालकांचा पोरगा हारुन तेव्हा जिन्यावर बसून डोळे विस्फारून बघायचा, हा बाप्या आरशासमोर पदर काय घेतो, मुरडतो काय!

पुढे तोच हारुन दुकानाचा मालक झाला आणि साडी दाखवताना पदर बेधडक स्वतःच्या खांद्यावर टाकू लागला. भरघोस दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, आणि खांद्यावर मोरपंखी पदर! बायका हसून बेजार व्हायच्या.

"शेठ, तुमालाच बरी दिसते. ठेवा तुमीच!"

"ठेवली असती गं, पण आमची फातिमा घरात घेणार नाही."

हशा आणि टाळ्या. असा प्रेक्षक मला मुंबईतसुद्धा मिळाला नाही. रंगभूमी सुटल्यावर मी नेरूळला मुलाकडे राहायला आलो आणि मन उदास झालं की एसटीने उरणला येऊन हारुनशेठच्या गादीवर बसू लागलो.

पण प्रेक्षक पांगत चालला होता. वाशीला काचेची, गारेगार दुकानं झाली होती. गावांतल्या जमिनी बंदरासाठी गेल्या, मोबदल्याच्या पैशांतून घराघरांत गाड्या आल्या, आणि लोक खाडीपूल ओलांडून खरेदीला जाऊ लागले. रहमत भांडाराचा वरचा मजला आधी बंद झाला. मग नोकर गेले. मुलगा फराज बंदरावरच्या एका कंटेनर कंपनीत कामाला होता. त्याच्या साहेबाला पेठेत ऑफिस हवं होतं, आणि दुकान त्याला देऊन टाका म्हणून फराज रोज बापाच्या मागे लागला होता.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात हारुनशेठ त्याला माझ्यासमोरच म्हणाला, "आपलं जुनं गिऱ्हाईक गोटीराम. त्याच्या घरचा बस्ता तीन पिढ्या आपल्याकडेच झाला. आता त्याच्या लेकीचं, सोनलचं लग्न आहे. तो बस्ता इथं झाला तर दुकान राहील. नाही झाला तर किल्ल्या तुझ्या. मग मी एक शब्द बोलणार नाही."

बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी. गोटीरामसारख्या आगरी घरांत त्यासाठी एकटंदुकटं कोणी येत नाही. मामा, मावश्या, आत्या, शेजारणी, सगळं गणगोत टेम्पो भरून येतं. चपला बाहेर काढून गादीवर बसायचं, चहा घ्यायचा, आणि पहिलं लुगडं धवलारणीचं काढायचं. धवलारीण म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी मानाची बाई. ती नसली तर त्यांचं लग्न लागत नाही.

गोटीरामची धवलारीण सखू. ती राहायची दुकानामागच्या आळीत. झालं ते त्यामुळेच.

एका सकाळी मी गादीवर बसलो होतो. फराजची सुट्टी होती. अचानक दारात टेम्पो थांबला. आत रंगीबेरंगी लुगडी, गजरे, गलका, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी गोटीराम. हारुनशेठ ताडकन उठला.

"फराज! चादरी काढ! चहा सांग! बस्ता आला!"

तो पायऱ्या उतरला आणि गोटीरामचा हात दोन्ही हातांत धरून त्याने त्याला टेम्पोतून खाली उतरवलं. गोटीरामच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता, पण त्याचं कारण मला तेव्हा कळलं नाही. बायका एकमेकींकडे बघत उतरल्या, चपला काढून गादीवर बसल्या. मागच्या आळीतून सखूही आली आणि गोंधळून दारातच उभी राहिली.

"ये गं सखू, तुझ्यापासून सुरुवात," म्हणत हारुनशेठने हिरवंगार नऊवारी उलगडलं आणि पदर खांद्यावर घेतला. "कसा दिसतोय?"

कोणी हसलं नाही. चहा आला. सगळ्यांनी खाली मान घालून बशीत ओतला. असली शांतता मला ठाऊक आहे. नट वाक्य विसरला की थिएटरात पसरते ती.

कोपऱ्यातली म्हातारी आत्या गोजरा कानाने अधू. तिने रिकामी बशी ठेवली आणि मोठ्याने विचारलं, "चाय झाली नं? मंग आता वाशीच्या थंड दुकानात कवा जायाचं?"

"आत्ये, गप ऱ्हा!" कोणीतरी दबकून म्हणालं.

हारुनशेठच्या खांद्यावर पदर तसाच होता. गोटीराम उठला, हात जोडले. "शेठ, गाडी सखूला घ्यायला थांबली व्हती. तुमी हात धरला, मना बोलवंना. पन आता बसलो हाय ना? बस्ता हितंच. कोन कुठं जात नाय."

फराजने बापाकडे पाहिलं. दुकान वाचलं होतं. हारुनशेठने नुसती मान डोलवायची होती. मी मनातल्या मनात ओरडत होतो, घे, हारुन, घे!

तो बघत होता सोनलकडे. ती चुडीदार घालून आईला चिकटून बसली होती. डोळे पाण्याने भरले होते.

"सोनलबाय, इकडे बघ. लग्न तुझं आहे. तुला कुठं जायचंय?"

"शेठचाचा..."

"खरं सांग. मी रागावणार नाही."

"वाशीला," ती पुटपुटली.

"मग बसलाय काय सगळे? ऊन चढेल! उठा!" आणि त्याने पदर खाली घेत तेच हिरवं लुगडं घडी करून सखूच्या ओटीत घातलं. "एवढं मात्र माझ्याकडून. आणि गोटीराम, तिथं आत्याला बसायला खुर्ची मागून घे. ते लोक आपणहून देत नाहीत."

म्हातारी गोजरा निघताना त्याच्या दाढीला हात लावून, आपल्या कानशिलांवर बोटं मोडून त्याची दृष्ट काढून गेली. तिला काय झालं ते कळलंच नव्हतं. टेम्पो वळला. पेठेत पुन्हा सामसूम झाली.

फराज म्हणाला, "अब्बा, ते बसायला तयार होते."

"होते. आयुष्यभर मग ती पोरगी लग्नाचा शालू बघून नाराज झाली असती. माझ्या दुकानाचा शालू." त्याने कमरेच्या किल्ल्या सोडून गादीवर ठेवल्या. "तुझ्या साहेबाला हो म्हणून सांग. सीझन संपला की."

फराजने किल्ल्यांना हात लावला नाही. बूट काढून तो गादीवर चढला. कितीतरी वर्षांनी चढला असावा. एका अर्धवट उलगडलेल्या शालूचं टोक त्याने उचललं. घडी घालायला दुसरं बापाने धरलं.

"असं नाही. किनारीला किनार लाव," हारुनशेठ म्हणाला. "हां. आता माझ्याकडे ये."